बिनमिशीचा घोडेस्वार

“घोडा पहिले, माणूस मंग, तोंड सगळ्यात शेवटी!” ब्रशचं टोक ओठांनी ओलं करत आमच्या शेजारचे काका बजावायचे. त्यापायी त्यांची जीभ बहुतेक वेळा निळी असायची.

वर्ध्याला लागूनच्या पिपरी मेघेत विजेच्या खात्यातून निवृत्त झालेली माणसं काय करतात? कुंड्यांत मिरच्या लावतात, नाहीतर कॉलनीच्या मीटिंगमध्ये भांडतात. आमचे काका नेपोलियनच्या काळातले घोडेस्वार बनवायचे. बोटाएवढे. पार्सलने सुटे तुकडे यायचे. ते चिकटवायचे, रंगवायचे अन् शोकेसमध्ये उभे करायचे. कुठला फ्रान्स, कुठलं वर्धा! मी तर आजतागायत गोंधळलेलोच आहे.

एकदा विचारलंच, “काका, याच्यात आपले कोन अन् दुश्मन कोन?”

त्यांनी ब्रशच्या दांडीनं डोकं खाजवलं. मग म्हणाले, “घोडे आपले.”



काकू वैतागायच्या. एका तान्ह्या पोळ्याला, पोरांच्या लाकडी बैलांच्या सणाला, त्यांनी बैलांसोबत एका फ्रेंच घोड्यालाही कुंकू लावलं. काका दिवसभर ते कापसानं पुसत होते.

पण एका दुपारी शोकेस पुसता पुसता काकूच म्हणाल्या, “एवढे परके लोक घरात आनून ठेवले. एक तरी तुमच्यासारका करा ना. मले पाह्यले बरं वाटंन.”

काका लाजले हो! लगेच कामाला लागले. तांबडा घोडा झाला, निळा कोट झाला, बूट झाले. तोंडापाशी गाडी अडली. साऱ्या फौजेच्या मिशा पाठ, स्वतःची काही जमेना. आरशात पाहिलं की हात हलतो म्हणे. मला हाक मारून विचारलं, “माही मिशी कशी आहे रे?”

“आहे तशी आहे, काका,” मी हसलो.

“असं नाई चालत. नीट पाहून सांगजो.”

त्याच आठवड्यात काका झोपेतच गेले.

तेरवीनंतर काकूंनी तो स्वार माझ्यापुढे ठेवला. “तू त्यांच्याजवळ बसत होता बाबू. एवढी मिशी रंगवून दे.”

मी ब्रश उचलला. माझ्या मते मिशी खाली वळलेली होती.

“काईतरीच! वर होती,” काकू म्हणाल्या.

लग्नाच्या फोटोत मिशीच नव्हती. आधार कार्डावर मिशी आहे की सावली, कळेना. गिरडच्या टेकडीवरच्या फोटोत उन्हासाठी तोंडाला दुपट्टा गुंडाळलेला. रोज डोळ्यांपुढचा माणूस, अन् आम्हा दोघांना त्याची मिशी ठरवता येऊ नये! काकू रडता रडता हसल्या.  मी ब्रश तसाच धुऊन ठेवला.

तो स्वार अजून शोकेसमध्ये आहे. काकूंनी त्याला दाराकडे तोंड करून ठेवलंय. तोंड कोरंच आहे त्याचं. तरी आत पाऊल टाकलं की वाटतं, आता काका विचारतील, “पाह्यलं काय रे?”