म्हशीच्या पाठीवर मेहुणा

मी लपून बसलो म्हणून मेहुणा बुडाला, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढचं ऐकून लोक मला शूर समजतात.

बायको पहिल्या बाळंतपणाला माहेरी, गुंदला गेली होती. आमची म्हैस तिच्याखेरीज कुणाला सडाला हात लावू देत नसे. मी बसलो की लाथ. म्हणून बायकोचं जुनं लुगडं गुंडाळून, डोईवर पदर घेऊन मी धारेला बसायचो. वासाला फसून म्हैस पान्हा सोडायची. गोठा ओढ्याच्या काठाला, वस्तीपासून जरा लांब. बघायला कोण येतंय?

श्रावणातल्या एका सकाळी पलीकडून धाकट्या मेहुण्याची हाक आली. बाळंतपणाची खबर घेऊन आला असणार.

"दाजी! अवो दाजी! साकव धड हाय न्हवं?"

साकव म्हणजे वेलानं बांधलेले दोन ओंडके. एकाचा वेल सुटलाय, हे मला ठाऊक होतं. पण ओरडायचं सोडून मी म्हशीच्या पोटाआड दडलो. दाजीला लुगड्यात बघितलं तर हा गुंदपर्यंत दवंडी पिटत जाईल! उत्तर मिळेना, तसा तो साकवावर चढला. ओंडका फिरला. मेहुणा पाण्यात.

मग मात्र धावलो. खालच्या वळणावर तो मुळांत अडकला होता. पोहणं मला दगडाइतकंच येतं. लुगडं सोडलं, एक टोक झाडाला बांधलं, दुसरं कमरेला, आणि उडी घेतली. उळवीच्या देवाला नारळ बोलत होतो, तोवर तोंडात पाणी गेलं, म्हणून किती ते ठरलं नाही. मेहुण्याची शेंडी हाती लागली.

वर ओढून बघतो तर पोट डेऱ्यासारखं आणि श्वास नाही. माझ्या बोंबेनं वस्ती गोळा झाली. शेजारचा म्हातारा म्हणाला, "म्हशीवर पालथा घाला आन् चालवा तिला. पाणी भाईर पडंल." दवाखाना दोन दिवसांच्या वाटेवर. आमच्याकडं औषध हेच.

पण लंगोटीतला मी दिसताच म्हैस फुरफुरली, दाव्याला हिसडे द्यायला लागली. जवळच येऊ देईना. म्हातारा खेकसला, "आरं, नेस की त्ये लुगडं! रोज नेसतोस, आमाला काय ठावं न्हाई व्हय?"

सगळ्यांदेखत ते ओलं लुगडं गुंडाळलं. पदर डोईवर आला आणि म्हैस गप उभी. मेहुण्याला पाठीवर आडवा, पालथा घातला. दावं धरून मी पुढं, वस्ती मागं, अशी वरात निघाली. तिसऱ्या फेरीला तो घळाघळा पाणी ओकला, खोकला, डोळे किलकिले करून लुगड्याकडं बघत पुटपुटला, "अक्का, तुला पोरगी झाली गं."

मग त्याला माझ्या मिशा दिसल्या. त्यानं डोळे परत मिटून घेतले. मी घाबरून आणखी एक फेरी मारली.

सव्वा महिन्यानं बायको लेकीला घेऊन आली. सगळ्यांनी तिला हसत हसत सगळं सांगितलं. ती काही हसली नाही. पोरीला पाळण्यात टाकून म्हणाली, "आदी वराडायचं, मग लाजायचं. लाज काय कुटं पळून जाती व्हय?"