ॲगनीचं वाक्य

बायकोच्या पाठीला बाम चोळून झाला, की ती भिंतीकडे तोंड करून पडते. बोटांना वास राहतो, आणि मला मंगरूळपीरच्या शाळेतली दुपार आठवते. डोकं ठणकायचं म्हणून मी कपाळाला बाम लावूनच नववीला इंग्रजी शिकवायचो.

त्या दिवशी फळ्यावर ‘ॲगनी’ हा शब्द होता. अर्थ लिहिला, असह्य वेदना. वाक्य दरवर्षीचंच दिलं, तो ॲगनीनं ओरडला. परीक्षेत सगळ्यांनी तेच लिहायचं, असा आमचा शिरस्ता. वर्गातल्या वंदनानं मात्र वहीत स्वतःचं लिहिलं होतं, माझी आई ॲगनीत आहे आणि गप्प आहे. तिचे आईबाप नुकतेच ऊसतोडीहून परतले होते. मी लाल फुली मारली.

“काहून सर?” ती म्हणाली. “माह्या मायच्या कमरेवर मोळी पडली. भिंतीकडं तोंड करून पडून राह्यते. बोलतच नाई.”

“ॲगनीत माणूस ओरडतो,” मी म्हणालो. “दिलेलं वाक्य लिही.”

तिनं ते खाली सुवाच्य अक्षरात लिहिलं. मी बरोबरची खूण करून पुढची वही ओढली. अजून चाळीस वह्या बाकी होत्या आणि मी थकलो होतो.

आता बायकोला विचारतो, “लय दुखून राह्यलं का?”

ती भिंतीकडेच पाहत “नाई” म्हणते. मी बाटलीचं झाकण लावून तिच्या पाठीशी बसून राहतो. वंदनाची वही केव्हाच रद्दीत गेली असेल, माझ्या लाल फुलीसकट.