जाळीमागचा कॅचर

आपल्या मुलाला टीममध्ये जागा मिळावी म्हणून दुसऱ्या कुणाच्या वडिलांची नोकरी जायची वाट तुम्ही कधी पाहिली आहे का? रियाधमध्ये आम्ही पाहत होतो. ती वेळ ज्या पत्रकामुळे आली, ते मी लिहिलं होतं.

मी एका कंपाउंडमध्ये, म्हणजे परदेशी कुटुंबांच्या बंदिस्त वसाहतीत, रिक्रिएशन असिस्टंट होतो. मैदानाचं बुकिंग, मुलांच्या याद्या आणि मॅचच्या दिवशी स्कोअर लिहिणं हे माझं काम. तिथे मुलांचा बेसबॉल क्लब होता. दुसरा क्लब बत्ह्यात, म्हणजे परदेशी कामगारांच्या जुन्या बाजारवस्तीत, एका गोदामामागच्या आवारात. फिलिपिनो नर्सनी सुरू केलेला. बेस म्हणून टायरचे तुकडे टाकलेले. सुट्टीच्या दिवशी मी तिथेच सापडायचो.

सौदीकरण सुरू झालं. एकेक काम स्थानिकांसाठी राखीव होऊ लागलं, परदेशी कुटुंबं परतू लागली. कंपाउंडकडे गवत होतं, मुलं नव्हती. बत्ह्याकडे मुलं होती, गवत नव्हतं. मर्जरचा विषय निघाला तेव्हा मी पेटलो. माझे वडील कारखान्यातल्या युनियनचे. पत्रकांच्या गठ्ठ्यांवर बसून मी अभ्यास केलेला. मी लिहिलं, 'फाटकाआतलं गवत सगळ्या मुलांचं आहे.' पालकांनी सह्या केल्या. गोदामाचं आवार सोडून दिलं.

गवत मिळालं. पण दोन क्लबांच्या मिळून सहा टीम होत्या, नव्या लीगमध्ये चारच ठेवल्या. एका टीममध्ये बारा मुलं. उरलेली वेटिंग लिस्टवर, बहुतेक बत्ह्याची. कुणाच्या वडिलांचा फायनल एक्झिट, म्हणजे कायमचं परत जाण्याचा शिक्का लागला, की घरातल्या सगळ्यांचे इकामे, म्हणजे राहण्याचे परवाने, रद्द आणि मुलाचं नाव कमी. तेव्हा लिस्ट एका नंबराने सरकायची.

दापोलीकडचे सलीमभाई मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात होते. त्यांचा रेहान बारा वर्षांचा, बत्ह्याचा पिचर. पिचर चेंडू फेकतो. कॅचर बॅटवाल्याच्या मागे उकिडवा बसून तो पकडतो आणि कसा चेंडू हवा ते बोटांनी सांगतो. रेहानचा कॅचर होता जोएल. एक बोट म्हणजे वेगात, दोन बोटं म्हणजे हळू. रेहानचा हळू चेंडू भल्याभल्यांना कळत नसे. जोएलला टीममध्ये घेतलं, रेहान लिस्टवर राहिला.

"अमोलभाऊ, नंबर?" सलीमभाई दर आठवड्याला विचारायचे.

"दुसरा."

"मागच्या वेळी तिसरा होता. म्हणजे कुणाचातरी लागला. आता एकच राहिला ना?" मग स्वतःच मान खाली घालायचे. "काय बोलतो बघा मी."

त्यांचंही दुकान स्थानिकांकडे जात होतं. महिनाअखेरीचं तिकीट हातात होतं. त्याआधी जोएलबरोबर एक मॅच, एवढंच रेहानला हवं होतं.

मग नंबर पहिला आला आणि शेवटच्या आठवड्यात जागा झाली. मी रेहानला आणि सलीमभाईंना ऑफिसात बोलावलं.

"किसकी जगह, अंकल?"

"जोएलची. त्याच्या पप्पांचं काम गेलं."

तो यादीकडे बघत राहिला. "तो पकडेगा कौन?"

सलीमभाई म्हणाले, "खेळ बाळा. नाही खेळलास तर त्याला परत घेणार आहेत का?"

शनिवारी मॅच. जोएलचं विमान रविवारी. मी त्याला माझा पाहुणा म्हणून फाटकातून आत आणलं. पहिल्या इनिंगमध्ये नवा कॅचर सारखं एकच बोट दाखवत होता. रेहानचे चेंडू झोडपले जात होते. कोच त्याला काढायच्या बेतात होता.

दुसऱ्या इनिंगला जोएल माझ्या टेबलाशेजारून उठला. कॅचरच्या मागे तारेची जाळी असते. तिच्यामागे तो उकिडवा बसला आणि मांडीवर दोन बोटं ठेवली. रेहानने ती पाहिली. हळू चेंडू आला, बॅट आधीच फिरून गेली. असं तीनदा झालं. एक आउट.

समोरच्या टीमचा कोच तरातरा आला. "बाहेरच्या माणसाने खुणा करायच्या नाहीत. काढा त्याला."

मैदानाच्या मॅनेजरचं नाव तुर्की. सौदी तरुण, रुजू होऊन तीन आठवडे झालेले. पुढे माझं कामही त्याच्याकडेच जाणार होतं, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"नियम कुठे आहे?" त्याने मला विचारलं.

मी रूलबुक दिलं. तुर्कीने चष्मा पुसला आणि पहिल्या पानापासून वाचायला घेतलं.

"ते मागे आहे," कोच म्हणाला.

"मी नवीन आहे. सगळं वाचावं लागेल."

खेळ कुणी थांबवला नव्हता. दुसरा आउट झाला. कोच घड्याळ दाखवू लागला. तुर्कीने पान उलटलं. जोएलची बोटं हलत होती. तिसरा आउट. तीन आउट झाले की इनिंग संपते.

"खलास," तुर्की म्हणाला. "कोचचं बरोबर आहे. जोएल, तू इकडे माझ्याजवळ बस."

जोएल उठला. रेहान पुढच्या इनिंगला आला, परत झोडपला गेला आणि बाहेर बसला. आम्ही हरलो. महिनाअखेरीला सलीमभाईही गेले. ती इनिंग माझ्या स्कोअरबुकात आहे. कॅचरच्या रकान्यात नव्या मुलाचं नाव आहे, कारण जाळीमागच्यासाठी रकाना नसतो.

गोदामामागे आता ट्रक उभे असतात. बत्ह्यात गेलो की मी अजूनही तिकडून फिरून येतो. मी गवत मागितलं, टीम किती राहणार हे विचारलं नाही. मर्जरमध्ये मैदान मोठं होतं, जागा कमी होतात.

तुमच्या गावातले दोन क्लब एक होणार असतील, तर सही करण्याआधी दोन्हीकडच्या मुलांच्या याद्या मागा आणि सभेत मोठ्याने वाचा. जुन्या यादीतलं एक जरी नाव नव्या यादीत नसेल, तर पेन खिशात ठेवा.