नाडी एकशे दहा, कारण जिना

आमच्या वरच्या मजल्यावरच्या भाऊजींना 'सावधान' हे नाव मीच ठेवलं. सैन्यातून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी गृहस्थ लिफ्टमध्येसुद्धा भिंतीला पाठ टेकवून, डोळे दारावर रोखून उभे. मग एक दिवस त्यांची बायको मुलीकडे राहायला गेली आणि माझी थट्टा आटली.

जाण्याचं कारण त्यांनी, म्हणजे ताईंनीच, मला सांगितलं. मला सगळेच सांगतात. मी विचारते ना! दुपारी झोपलेल्या नवऱ्याला चहासाठी हलवलं, तर त्यांनी ताईंचा दंड असा आवळला की बोटं उमटली. जाग आल्यावर तेच जास्त हादरले.

"ते सावरले तर येईन," ताई म्हणाल्या. "पण आपण सावरू असं त्यांनाच वाटत नाही."

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, समुपदेशक बाईंकडे पाठवलं आणि व्यायाम सांगितला. भाऊजी गोळ्या घेत, बाईंशी थोडंफार बोलतही. व्यायामाला मात्र साफ नकार. उभी हयात धावण्यात गेलेला माणूस, आणि जिना चढेना! मी तोंडावर आळशी म्हटलं.

"आळस नाही हो," ते म्हणाले. "दम लागला, छाती धडधडली, की शरीराला वाटतं, पुन्हा तेच सुरू झालं. त्याला कसं समजावू?"

मी पदर खोचला.

"मग माझ्याबरोबर चढा. माझी छाती पहिल्या मजल्यालाच धडधडते, आणि मी कुठल्या लढाईवर गेले नाही. सासर सोडलं तर."

ते हसले. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी आमची वरात जिन्यावर. बाईंनी सांगितलं होतं, प्रत्येक वळणावर थांबा, नाडी मोजा, धडधड कशाची ते मोठ्याने म्हणा. भाऊजी वरिष्ठांना कळवावं तसे म्हणत, "नाडी एकशे दहा. कारण, जिना." मी म्हणे, "नाडी सापडत नाही. कारण, चरबी."

काही दिवस ते पांढरेफटक पडून पायरीवरच बसले. एकदा आठवडाभर आलेच नाहीत. तीन महिन्यांनी चौथा मजला, म्हणजे त्यांचं दार, गाठलं. झोप तीन तासांची पाच झाली, रक्तदाब थोडा उतरला. गोळ्या आहेत तशाच आहेत, आणि दार आपटलं की दचकतात तसेच.

परवा ताई स्वेटर न्यायला आल्या, तर लिफ्ट बंद. तिघं जिना चढू लागलो. तिसऱ्या मजल्याच्या पुढे गेलो, तोच वर काम करणाऱ्या प्लंबरच्या हातून लोखंडी पाइप निसटला आणि खणखणत खाली आला. भाऊजी भिंतीला चिकटले, मुठी वळलेल्या. ताई दोन पायऱ्या मागे सरल्या.

बऱ्याच वेळाने भाऊजींची दोन बोटं मनगटावर गेली. ओठ हलत होते.

"एकशे बत्तीस," ते म्हणाले. "पाइप होता."

ताई तिथेच उभ्या राहून त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग वर आल्या.

"झोपलात आणि उठवायचं झालं, तर मी दारातूनच हाक मारणार. जवळ येणार नाही."

"बरं."

"आणि आज संध्याकाळपर्यंतच थांबतेय."

"बरं," म्हणत भाऊजींनी कुलूप काढलं. मी अजून दोन वाक्यं ऐकली असती, पण प्लंबर म्हणाला, "काकू, जरा सरका, पाइप उचलायचाय."