कागदाच्या गाईचं वासरू

जुन्या निजामी मुलखातल्या वाशीजवळच्या एका गावात अजून सांगतात, की एका पोळ्याला एका पोरीच्या हातची कागदाची गाय व्याली. त्या वेळी जन्मलेलीही नव्हती अशा माणसांनी ही गोष्ट मला ऐकवली आहे, आणि मी ती मान डोलावत ऐकून घेतली आहे. ते वासरू मी केलं होतं. आता डोळे अधू झालेत, तरी एवढं लिहून काढतो.

निजामी जाऊन काही वर्षं झाली होती. मी त्या गावचा एकटा मास्तर. शाळा मारुतीच्या देवळात भरायची आणि माझा मुक्काम एका शेतकऱ्याच्या ओसरीवर असायचा. घरात तो, त्याची बायको, त्याची म्हातारी आई आणि पहिलीत बसणारी मुलगी. गोठ्यात एक बैलजोडी. गाय नव्हती.

पोळ्याआधी पोरं मातीचे बैल करायची. देवळातून घरी नेईपर्यंत कुणाचं शिंग मोडायचं, कुणाचा पाय, आणि वाटेवर रडारड. गावातल्या बाया रद्दी भिजवायच्या, तिचा लगदा कांडून त्यात मेथ्या वाटून घालायच्या आणि पालथ्या घागरीवर थापून टोपल्या करायच्या. मेथीनं लगदा चिकट होतो आणि कडूपणामुळं टोपलीला कीड लागत नाही. मला वाटलं, टोपली होते तर बैल का होऊ नये?

पोरांना रद्दी आणायला सांगितली. कुणी जुने उर्दू कागद आणले, कुणी वाण्याकडच्या पुड्या, एकानं तर बापाच्या विड्या बांधलेला कागद ओढून आणला. रांजणात सगळं भिजलं, मग घमेल्यात ओतून पोरांनी पायानं तुडवलं. वाटलेल्या मेथ्या आत पडल्यावर एकानं बोट चाटून पाहिलं. त्याचं तोंड वाकडं झालेलं बघूनसुद्धा मागून सगळ्यांनी चाटलं.

काड्यांचे पाय, चिंध्यांचं पोट, वर लगदा. सगळे कामाला लागले. माझ्या घरमालकाची पोर तेवढी हात मागं बांधून उभी होती.

"तू गं? कर की बैल."

"आमच्या घरी पोळा न्हाय, गुर्जी."

मला ठाऊक होतं, पण त्या घाईत विसरलो होतो. तिचे आजोबा पोळ्याच्या दिवशी गेले होते. सणाच्या दिवशी घरात माणूस गेलं की तो सण त्या घराला बंद होतो. पुढं नेमक्या त्याच दिवशी घरात मूल जन्मलं किंवा गाय व्याली, तरच तो मोकळा होतो. तोवर गावाचे बैल सजून वेशीत जायचे आणि या घरची जोडी घुंगरांचा आवाज ऐकत दावणीला पाय आपटत राहायची. आदल्या वर्षी मी ते पाहिलं होतं. पोर गोठ्याच्या दाराशी बसून बैलांना सांगत होती, "गप बसा रे, आपल्याला न्हाय."

मी म्हटलं, "बैल नको तर गाय कर. गाईला कोण नाही म्हणतंय?"

तिनं लगेच हात घातला. बाकीच्यांना तेवढंच पाहिजे होतं.

"पोळ्याला गाय! आता दिवाळीला म्हैस आण!"

"दूध देती का गं? गुर्जींच्या च्याला लागंल!"

"दील की," ती म्हणाली, "तुला न्हाय देणार."

गाय बाकीच्यांच्या बैलांच्या दुप्पट झाली. तिनं पोटाला चिंध्या वापरल्याच नाहीत. गाईचं पोट भरलेलं पाहिजे म्हणून नुसता लगदाच कोंबला. श्रावणातली हवा, ऊन कधीतरी. बाकीचे बैल वाळले, गाय बाहेरून कडक आणि आतून ओलीच. पोळ्याच्या आदल्या दिवशी दुपारी, घरी आणून वाळायला ठेवलेली ती गाय मी चुलीजवळून उचलली, तर तिला आंबूस वास यायला लागला होता आणि पोटाला चीर गेली होती. पोर आईबरोबर रानात गेली होती. मी चाकूनं पोटाखालून भोक पाडलं, आतला ओला लगदा कोरून काढला आणि भोक चिंधीनं बुजवून वरून पातळ थर लावला. काढलेला लगदा टाकवेना. त्याचं बोटभर वासरू केलं, तव्यावर शेकून वाळवलं आणि गाईच्या पायाशी ठेवून दिलं. पोर खूश होईल, एवढंच मनात होतं. सण, रीत, यातलं काहीही त्या क्षणी डोक्यात आलं नाही.

पोळ्याच्या सकाळी तिच्या ओरडण्यानं मी जागा झालो.

"आज्जे! माझी गाय व्याली! आज्जे, ऊठ की, गाय व्याली!"

म्हातारी आली, गुडघ्यावर हात टेकून खाली बसली. वासरू तळहातावर घेऊन तिनं उलटसुलट पाहिलं.

"हे तू केलंस?"

"न्हाय. देवाशपथ न्हाय."

मग म्हातारीनं माझ्याकडं पाहिलं. "गुर्जी, तुमी केलंत का?"

पोर माझ्या तोंडाकडं बघत होती. मी म्हणालो, "नाही."

तो एक शब्द. त्यानंतर मला काही बोलावंच लागलं नाही. पोरीचा बाप दारातून म्हणाला, "आई, खुळी का काय तू? कागदाचं ते. लोक हसतील."

"दगडाला शेंदूर लावून पाया पडतोस, तवा कोण हसतं? आजच्या दिवशी घरात वासरू आलं. कसं आलं ते मला इचारायचं न्हाय. जा, बैल धू."

तो तसाच उभा राहिला. मग त्यानं गळ्यातल्या उपरण्यानं एकदम तोंड पुसलं आणि गोठ्याकडं गेला. बैलांच्या खांद्यांना तूप-हळद चोळायची आदल्या दिवशीची खांदेमळणी झाली नव्हती, ती तिथंच उरकली. पुरणाला वेळ नव्हता, गूळभात झाला. शिंगांना रंग नव्हता, तो शाळेतला गेरू मी दिला. संध्याकाळी ती जोडी वेशीतून निघाली, तेव्हा म्हातारी पदर तोंडाला लावून उभी होती आणि पोर बैलांच्या पुढं उड्या मारत चालली होती. चार माणसं हसली. बाकीच्यांनी बैलांच्या पायावर पाणी घातलं. मला त्या दिवशी माझ्या खोट्याचा अभिमानच वाटला.

एवढ्यावर राहिलं असतं, तर मी आज लेखणी उचलली नसती.

गोष्ट गावभर झाली. दिवाळीच्या तोंडावर पलीकडच्या आळीतली एक बाई आली. तिची सासू पाडव्याला गेली होती, तेव्हापासून त्या घरात पाडवा नव्हता. म्हणाली, "तुमच्या पोरीच्या हाताला गुण हाय. आमाला बी एक गाय करून द्या." म्हातारीनं पोरीला पाठवलं. पोरीनं त्यांच्या अंगणात बसून लगदा मळला, मेथ्या घातल्या. या खेपेला तिनं पोटात चिंध्या भरल्या, कारण मीच वर्गात तसं शिकवलं होतं. ऊन चांगलं होतं, गाय खणखणीत वाळली. तिच्या पोटाला कुणाचा चाकू लागण्याचं कारणच उरलं नव्हतं.

पाडव्याला पोर सकाळपासून त्या गाईसमोर बसली. मी शेणानं सारवलेल्या त्या अंगणावरून दोनदा गेलो. दुसऱ्यांदा तिनं विचारलं, "गुर्जी, किती वेळ लागतो?"

मी म्हटलं, "बघू या."

खरं सांगता आलं असतं. दुसरं वासरू करून ठेवता आलं असतं. यातलं मी काहीच केलं नाही. पहिलं सांगितलं, तर म्हातारीचा पोळा पुन्हा बंद होईल, अशी भीती होती. दुसरं केलं, तर गावातली सगळी बंद घरं माझ्याच हातावर येतील, अशी. मी ओसरीवर जाऊन पुस्तक उघडून बसलो. तिन्हीसांजेला त्या बाईनं पोरीला घरी आणून सोडलं. लाडू दिला हातात. पोरीनं तो खाल्ला नाही. पुढच्या वर्षी सगळे बैल करत होते, तेव्हा ती म्हणाली, "माझा हात चांगला न्हाय, गुर्जी," आणि पाटीवर अक्षरं गिरवत बसली. थोड्याच दिवसांत माझी बदली झाली.

यंदा श्रावणात मी परंड्याला गेलो. तिचं सासर तिथलं. आता तिलाच नातवंडं आहेत, केस माझ्यासारखेच पांढरे. मला ओळखून पाया पडायला वाकली, तेव्हा मी तिला थांबवलं आणि म्हटलं, "आधी ऐक, मग ठरव." चाकूपासून पाडव्यापर्यंत सगळं सांगितलं. ती पदराच्या टोकाला पीळ देत ऐकत होती.  मला वाटलं, आता उठून आत जाईल.

"म्हंजे ते वासरू तिच्या पोटातलंच?"

"पोटातलंच."

"मग व्यालीच की ओ ती!" आणि हसायला लागली. हसता हसता एकदम थांबली. "आन् त्या दुसरीच्या पोटात चिंध्या. तिला कुठून व्हायचं वासरू? म्या आपली जन्मभर म्हनत आले, माझंच कायतरी चुकलं आसंल. सुनंला पहिल्या खेपंला दिवस गेले, तवा तिच्या ओटीला हात लावायला बी भ्याले मी, गुर्जी. तवा का न्हाई सांगितलं?"

 मी म्हणालो, "भ्यालो. तुझ्या आजीचा पोळा पुन्हा बंद झाला असता."

"आसू द्या," ती म्हणाली. तिनं डोळे पुसले आणि माझ्याकडं असं पाहिलं, जसं वर्गात एखाद्या पोराकडं मी पाहत असे. मग म्हणाली, "आज्जीला सांगितलं नसतंच म्या. माझ्यापुरतं तरी सांगायचं हुतं." माझ्या पदरी तेवढा दोष आहे आणि तो मी घेतला.

तेवढ्यात तिची दोन नातवंडं शाळेतून आली, दप्तरं फेकून मध्येच घुसली. तिनं त्यांना विचारलं, "रद्दी कुठं हाय रं घरात?" एकानं पेपरांचा गठ्ठा ओढून आणला. तिनं बादलीत पाणी घातलं आणि कागद फाडायला बसली. मी बाजूला सरकून बसलो, तर एक गठ्ठा माझ्याही पुढं टाकला.

"बसून काय ऱ्हायलात, गुर्जी? बारीक फाडा. आन् मेथ्या किती घालायच्या, ते तरी खरं सांगा."