मिस्ड कॉल उचलणारे भावोजी

माझ्या थोरल्या बहिणीचे, मालिनीताईचे यजमान वेणीमाधव गायधनी यांचं मत नाही असा विषय मला अजून सापडलेला नाही. सातपूरच्या एका कारखान्यात ते कॉम्प्युटर विभागाचे प्रमुख होते. विभागात त्यांना धरून तिघंच, त्यामुळे प्रमुखपण फार लांबवर पसरलेलं नव्हतं. मतं मात्र दिल्लीपर्यंत जायची. अगदी खरोखरची जायची, कारण ती टाईप करून, पाकिटावर तिकीट लावून ते स्वतः पोस्टात टाकत.

जावयाची चेष्टा करायचा हक्क मेहुणीचा, आणि तो मी कधी वाया घालवला नाही. त्यांच्याकडे गेले की चपला काढता काढताच विचारायचे, "भावोजी, आज सरकारचं काय चुकलं?" त्यांना त्यात चेष्टा आहे हे कळायचंच नाही. पुढ्यातली खुर्ची सरकवत म्हणायचे, "बस, सांगतो."

घराणं नाशिकच्या पंचवटीतलं. वडील गंगेवर यात्रेकरूंचे विधी करत. मुलगा शिकला, कॉम्प्युटरवाला झाला, याचा त्यांना अभिमान होता, पण शेवटपर्यंत ते लोकांना "आमचा वेणी टाईपरायटरवर असतो" असंच सांगत राहिले. भावोजींनीही घरचा वारसा अगदीच टाकला नव्हता. ब्याण्णव सालच्या खंडेनवमीला ताईनं मला त्यांच्या कारखान्यात नेलं होतं. कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर चपलांची ही रांग, जसं काही आत देवच बसलाय. आत एसीच्या गारठ्यात भावोजी कद नेसून मंत्र म्हणत होते. मॉनिटरला झेंडूची माळ घातली, कुंकवाचं बोट लावलं, आणि अक्षता वाटताना सगळ्यांना दम भरला, "कीबोर्डवर एक दाणा पडला तर ज्याचा त्यानं चिमट्यानं काढायचा."

त्यांची मतं ऐकून ऐकून मला पाठ झाली होती. शाईचा प्रिंटर म्हणजे प्रिंटर नव्हे, शाई विकायचा धंदा. खरा प्रिंटर तो खडखड करणारा, आवाजावरून तब्येत कळते त्याची. शाळेला कॉम्प्युटर द्यायचा तर आधी वीज द्या, नाहीतर त्यावर मुलांचे डबे ठेवतील. मराठी टाईप केलेलं एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेलं की त्याचे किडे-मुंग्या होतात, तर सरकारनं सगळ्या कंपन्यांना एका ओळीत उभं करून एकच पद्धत लावून द्यावी. पेजर आला तेव्हा कारखान्यानं त्यांना एक दिला. तो त्यांनी परत केला. "निरोप ऐकायचा आणि उत्तर देता यायचं नाही," ते म्हणाले, "हे काय यंत्र झालं? ही तर शिक्षा झाली."

हे सगळं जेवणाच्या ताटावर चालायचं. आमटी निवायची, भात आळायचा. मग स्वयंपाकघरातून ताईचा आवाज यायचा, "अहो, पुरे आता." एवढंच. त्यात राग नसायचा. दूध वर येताना आपण गॅस बारीक करतो ना, तसं म्हणायची ती. आणि भावोजी वाक्य अर्धं टाकून भाताकडे वळायचे. मी कितीदा पाहिलंय, अर्थमंत्री तसाच अधांतरी राहायचा आणि हे लिंबू पिळायला लागायचे.

ताई सिन्नरच्या कॉलेजात ग्रंथपाल होती. रोज इंदिरानगरच्या घरून द्वारका चौक, तिथून एसटीनं सिन्नर. आवाज तिचा काही गाण्याचा नव्हता, पण खणखणीत. 'शांतता राखा' ही पाटी तिच्या टेबलामागे टांगलेली आणि ती पाळायला लावण्यासाठी हीच ओरडायची.

मोबाईल त्यांच्या घरी आला तो सगळ्यांच्या नंतर. आधी आपल्याला आलेल्या फोनचेही पैसे आपल्यालाच पडत. "बोलावणं त्याचं आणि भुर्दंड माझा?" भावोजींनी पत्रं पाठवली. दोन हजार तीनमध्ये नियम बदलला आणि आलेला फोन फुकट झाला. तो आपल्याच पत्रांनी झाला असं ते कधी म्हणाले नाहीत, पण त्या दिवशी त्यांनी श्रीखंड आणलं. मग दोन मोबाईल घेतले, एक स्वतःला, एक ताईला.

आणि लगेच नवं भांडण उभं राहिलं: मिस्ड कॉल. अख्खा देश तेव्हा मिस्ड कॉलवर चालला होता. पोचलो की रिंग, निघालो की रिंग, खाली येऊन उभा आहे की रिंग. उचलायचा नाही, समजून घ्यायचं. ताईनंही तसंच ठरवलं. मोहदरी घाट उतरून एसटी शिंदे गावाशी आली की ती एक रिंग द्यायची, म्हणजे भावोजींनी स्कूटर काढून द्वारकेला तिला घ्यायला यायचं. पण हा बाबा फोन उचलायचा!

"अहो, मिस्ड कॉल होता तो," ताई कपाळाला हात लावायची.

"मग मिस व्हायला हवा होता. वाजला, मी उचलला. यंत्रणा वापरायची आणि बोलायचं नाही, ही चोरी आहे. फोन वाजला की उचलायचा आणि बोलायचं. त्यासाठीच तो असतो."

ताईनं हात टेकले. पालथ्या घड्यावर पाणी किती ओतणार?

पुढच्या वर्षी ताईचा आवाज बसला. आधी आम्हाला वाटलं, ग्रंथालयातली धूळ. मग हळदीचं दूध, ज्येष्ठमध, काढे. डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं आणि घशाचा कर्करोग निघाला, अगदी स्वरयंत्रावरच. जीव वाचेल, आवाज राहणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. भावोजींनी तिथं कसलंही मत दिलं नाही. सहीसाठी पेन मागितलं, आणि पेन हातात असताना पुन्हा मागितलं.

शस्त्रक्रियेला आत नेताना ताईनं शेवटचं काय म्हणावं? "संध्या, यांचं पथ्य बघ. लोणचं देऊ नकोस." मी चिडलेच होते तिच्यावर. आजही आठवलं की चिडते आणि रडते.

ताई वाचली. श्वास आता गळ्याला केलेल्या छिद्रातून चालायचा. त्यावर ती पातळ सुती रुमाल नीट बांधायची, साडीच्या रंगाचा. बोलण्यासाठी मुलाची, विहंगची, लहानपणची पाटी काढली. पाटीवर सगळं लिहिता येतं हो, पण पाटीवर रागावता येत नाही आणि वाक्याच्या मधे कोणाला थांबवता येत नाही. लिहून होईपर्यंत समोरचा पुढं गेलेला असतो.

मग भावोजी कामाला लागले. परदेशात एक यंत्र मिळतं, टॉर्चसारखं. गळ्याला टेकवून बटण दाबलं की ते घुमतं, आणि आपण नुसते ओठ-जीभ हलवले की शब्द उमटतात. विहंगच्या कंपनीतल्या एकानं येताना ते आणलं. ते येईपर्यंत भावोजींनी त्याची माहिती वाचून काढली, आणि त्यावरच्या आयातकराबद्दल दिल्लीला पत्रही गेलं: 'ज्याचा आवाज गेला आहे, त्याच्या आवाजावर सरकारने कर घेऊ नये.' आयुष्यभरातलं त्यांचं सगळ्यात छोटं पत्र ते. उत्तर आलं नाही.

यंत्र आलं तेव्हा मी तिथंच होते. ताईनं ते गळ्याला लावलं आणि म्हणाली, "विहंग." म्हणजे तिनं म्हटलं तेच, पण बाहेर आला तो एक सपाट घरघरता सूर, पिठाच्या गिरणीतून कोणी हाक मारावी तसा. ताईनं यंत्राकडे पाहिलं. भावोजी उत्साहानं पुढं सरसावले, "उच्चार स्पष्ट आहे! बॅटरीही चांगली टिकते म्हणे. थोडा सराव केला की..."

ताईनं पाटी ओढली आणि लिहिलं, 'हा माझा आवाज नाही.' यंत्र तिनं पर्समध्ये टाकलं, पार तळाशी, आणि नंतर कधी बाहेर काढलं नाही. डॉक्टरांनी बजावलं होतं, सराव लवकर सुरू केला तर जमतं, मनानं एकदा सोडलं की माणूस कायमचा मुका होतो. मी समजावलं, विहंगनं पुण्याहून येऊन समजावलं. ती भिंतीकडे बघायची.

सहा-सात महिन्यांनी तिनं एक मात्र हट्टानं केलं, पुन्हा सिन्नरला कामावर जायला लागली. पहिल्या दिवशी संध्याकाळी मी मुद्दाम त्यांच्या घरी जाऊन बसले. ठरलेलं होतं, शिंदे आलं की रिंग. भावोजी स्कूटरची किल्ली हातात घेऊन फोनसमोर बसले होते. मी दोनदा सांगितलं, "उचलायचा नाही हं."

"एवढं कळतं मला."

फोन वाजला. जन्माची सवय. हात गेला, बटण दाबलं, आणि हे मोठ्यानं म्हणाले, "हं, बोल मालिनी."

मग त्यांना कळलं, आपण काय बोललो ते. त्यांचा चेहरा मला बघवेना. फोन कानाला तसाच. पलीकडे एसटीची धडधड, खिडकीचं तावदान वाजतंय, आणि ताई गप्प. ठेवावा तर तिला काय वाटेल, बोलावं तर काय बोलावं? फोन वाजला की बोलायचं, हे वर्षानुवर्षं सांगणारा माणूस मूग गिळून बसला.

"संध्या आलीये," शेवटी ते म्हणाले. "चहा झाला. आज... आज ऑफिसात नवा प्रिंटर आणलाय. शाईचाच. मी सांगत होतो नको म्हणून." आणि मग ते बोलतच सुटले. शाईची किंमत, ती वाळते कशी, खरेदी विभागाला अक्कल कशी नाही. मी डोळे पुसत मधेच खुणावलं, द्वारका, द्वारका! तेव्हा म्हणाले, "आता ठेवतो. गाडी चालवताना फोनवर बोलणं गुन्हा आहे."

त्या दिवसापासून ते रोजचंच झालं. रिंग आली की हे उचलायचे आणि बोलायचे. लोडशेडिंग, नवी धोरणं, मोबाईलवर मराठी कधी येणार, सगळं. मी एकदा फटकारलंच, "भावोजी, तिला थांबवताही येत नाही तुम्हाला. बिचारीवर जुलूम आहे हा."

"तिच्या फोनला लाल बटण आहे, संध्या," ते हळूच म्हणाले. "ती दाबत नाही."



पुढच्या मार्गशीर्षात मी सिन्नरला मैत्रिणीच्या मुलीच्या केळवणाला गेले होते. परतताना ताईबरोबरच एसटीत बसले. खिडकीशी ती, शेजारी मी. घाट उतरला, शिंदे आलं, तिनं रिंग दिली आणि फोन कानाला लावला. एसटीच्या खडखडाटातही भावोजींचा आवाज मला शेजारी ऐकू येत होता, इतका त्यांचा आवाज मोठा. विषय होता सरकारी कचेऱ्यांतले कॉम्प्युटर. त्यांवर धूळ बसू नये म्हणून कव्हरं घालून ठेवतात आणि काढतच नाहीत, वगैरे. ताई बाहेर पळसे गावातली उसाची शेतं बघत ऐकत होती. मग भावोजी थबकले.

"मालिनी, खरं सांगू? मला त्या कव्हरांचं काही नाही. मी घरी बोलतो, ताटावर बोलतो, आणि मला कोणी थांबवतच नाही. कुठं थांबायचं ते मला कधी कळलंच नाही गं. ते तुझ्याकडे होतं. आता मी नुसता वाजत राहतो." मग घसा खाकरून, "तर ती कव्हरं. त्यांचं कापडही निकृष्ट असतं. मी मोजून..."

ताईनं पर्स मांडीवर ओढली. आत हात घातला, डबा बाजूला केला, किल्ल्या, रुमाल, आणि तळाशी बराच वेळ शोधत राहिली. मग ते यंत्र बाहेर आलं. एसटी भरलेली होती. पुढच्या बाकावर दोन शाळकरी मुली, पलीकडे दुधाच्या किटल्या घेतलेले एक आजोबा. तिनं कोणाकडे पाहिलं नाही. रुमाल जरा सरकवला, यंत्र गळ्याला टेकवलं, बटण दाबलं.

"अहो," ते घुमलं. मुली वळून बघायला लागल्या. ताईनं पुन्हा दाबलं. "पुरे आता."

तोच सपाट, घरघरता सूर. पण दूध वर येताना गॅस बारीक करावा, तसंच म्हणाली ती. मी बहीण आहे तिची, मला कळतं.

फोनमधून काहीच ऐकू आलं नाही. ना कव्हरं, ना सरकार. नाशिकरोड येईपर्यंत दोघांपैकी कोणीही फोन ठेवला नाही. किटल्यावाल्या आजोबांनी मला विचारलं, "काय झालं बाई, रडता का?" मी म्हटलं, "काही नाही हो, बहीण बोलली." त्यांना काही कळलं नसणार.

द्वारकेला भावोजी स्कूटरजवळ उभे होते. हेल्मेट डोक्यावरच, काच खाली ओढलेली. संध्याकाळच्या वेळी काच कशाला, हे मी विचारलं नाही. पण हक्क तो हक्क. जवळ जाऊन म्हटलं, "काय भावोजी, यंत्राबद्दल काय मत?"

"बस, सांगतो" असं ते म्हणाले नाहीत. ताईच्या हातातलं यंत्र घेतलं, खालचं झाकण उघडून पाहिलं, पुन्हा नीट लावलं, आणि तिच्या हातात परत दिलं.

"बॅटऱ्या जास्तीच्या आणून ठेवतो," ते म्हणाले.