नाबेने तळाला दिलेलं मत

ओकिनावातल्या नाबेला नवऱ्याला भेटायचं तर अमेरिकन शिपायांची परवानगी लागायची. घराण्याचं थडगं लष्करी तळाच्या कुंपणाआड. वसंतात पितरांच्या सणाला तेवढं फाटक उघडायचं. मग थडग्यापुढे चटई पसरायची, डुकराच्या मांसाचे नि भाताच्या वड्यांचे डबे आधी पितरांना दाखवून तिथेच जेवायचं, आणि वर्षभरात घरात जे घडलं ते त्यांना खरंखरं सांगायचं. पितरांपुढे खोटं बोलायची सोय नाही.

"माझा म्हातारा रोज डोकं खातो," शेजारीण माकातो म्हणायची, "तुझा बरा बाई, वर्षातून एकदाच!"

नाबेच्या नवऱ्याचं, सेइजुनचं, उसाचं शेत या तळाने गिळलं होतं. त्याने उभी हयात तळाविरुद्ध भांडण्यात घालवली. नाबेही त्याच्या जोडीने फाटकापुढे ठिय्या देऊन बसायची. आणि पोराला, मोरियासुला, नोकरी मिळाली ती तळावरच्याच स्वयंपाकघरात! आता काय बोलायचं?

यंदा बेटावर मतदान ठरलं. तळ राहावा की जावा?

"तळ गेला तर मी ओसाकाला जाणार, आई. इथे दुसरं काम आहे कुठे?"

"मग बाबांकडे कोण बघणार? माझ्यामागे थडग्यावरचं गवत कोण काढणार?"

"तेच म्हणतोय मी."

नाबेची झोप उडाली. कुंपण गेलं तर थडगं मोकळं होणार, पण तिथे यायला कोणी उरणार नाही. शेवटी तिने 'राहावा'वर खूण केली आणि माकातोची नजर चुकवून घरी आली.

बेटाने मात्र भरभरून 'जावा' म्हणून सांगितलं. टोकियोच्या सरकारने ते ऐकून घेतलं आणि तळ राहील असं जाहीर केलं. मित्रदेशाला दिलेला शब्द मोठा, इथल्या माणसांना विचारतो कोण!

सणाला नाबे थडग्यापुढे बसली. डबे उघडून तिने पितरांपुढे ठेवले.

"अहो, मी राहू दे म्हटलं. पोरासाठी. तुम्हाला काय तोंड दाखवू?" आणि ती ओक्साबोक्शी रडायला लागली.

मोरियासुने तिला जवळ घेतलं. "रडू नकोस गं. तुझ्या मताने काहीसुद्धा बिघडलं नाही. कोणाच्याच मताने काही झालं नाही."

नाबेला जास्तच रडू आलं. आपल्या हातून काहीतरी घडलं, मग ते पाप का असेना, एवढं तरी ती इतके दिवस धरून बसली होती.